टोफूवाल्याचा पंचा

फुमिएबाईंनी अकरा वर्षं उघड्या बायकांची लाज राखली, तीसुद्धा चार केसांच्या कुंचल्यानं. तोक्योत तेव्हा 'गुलाबी पडदा' नावाचं चावट सिनेमांचं मासिक निघायचं. फोटो भरपूर, पण कमरेखाली नको ते दिसलं की पोलीस अख्खा अंक उचलून न्यायचे. म्हणून फुमिएबाई तिथे कधी साबणाचा फेस रंगवायच्या, कधी वाफ, कधी चादरीचं टोक. हात असा सफाईचा की संपादकच विचारायचा, "बाई, तुम्ही नक्की केलंत काय?"

नाव मात्र कधी छापून आलं नाही. कौतुक करणारा एकच, नवरा तोकुझो. आडनाव हातानो, आणि त्याच नावाचं टोफूचं, म्हणजे सोयाबीनच्या पनीरचं, दुकान त्याचं. गल्लीत कोणी बघायला नको म्हणून हा बाबा दोन स्टेशनं पलीकडे जाऊन अंक आणायचा आणि जेवण झालं की भिंग घेऊन बसायचा. पैज ठरलेली. कुंचला कुठे फिरलाय ते सापडलं, तर बायकोनं त्याला साके, म्हणजे तांदळाची दारू, ओतायची आणि भांडीही घासायची. नाही सापडलं, तर भांडी त्याची.

"ही वाफ!"

"खरी आहे ती. उठा, घासा."

अकरा वर्षांत पठ्ठ्यानं एकदाही पैज जिंकली नाही. एकाहत्तरच्या सप्टेंबरात फुमिएबाईंना त्याची दया आली. न्हाणीघरातल्या नटीच्या कमरेला त्यांनी पंचा रंगवला, तो थेट हातानो दुकानाचा, निळा, कोपऱ्यात सोयाबीनचे तीन दाणे. रोज डोक्याला बांधतो तो पंचा माणूस ओळखणार नाही? तोकुझोनं चौतिसावं पान बराच वेळ न्याहाळलं, "इथे काही नाही बुवा," म्हणाला आणि गेला भांड्यांकडे. फुमिएबाईंचं डोकंच फिरलं. टोफूपलीकडे काही दिसेल तर शपथ! मग त्यांनीही हट्टानं कधी सांगितलं नाही.

पुढे लेकीच्या, चिकाकोच्या लग्नाची बोलणी करायला व्याही घरी यायचे होते. कपाटात ही असली रद्दी! बाईंनी झटक्यात सगळे गठ्ठे रद्दीच्या गाडीवर चढवले आणि बदल्यात टॉयलेट पेपरचे बारा रोल घेतले. "चला, वर्षभराची सोय झाली," एवढंच तोकुझो म्हणाला आणि पाळी नसताना भांडी घासायला उठला.

आता त्याच्या तेराव्या वर्षाचं श्राद्ध आलं होतं. आपलं काम ज्या एकाच माणसानं एवढं निरखून बघितलं, त्याला त्यातलं सगळ्यात लाडकं दिसलंच नाही, ही गोष्ट बाईंना अजून सलत होती. तो अंक त्याच्या फोटोपुढे ठेवायचा आणि एकदाचं सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं. एक्याऐंशीव्या वर्षी त्या कांदा नावाच्या भागातल्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात गेल्या. दोन दुकानांत नकार मिळाला. तिसरं कुवाबाराचं.

"सप्टेंबर एकाहत्तर?" कुवाबारानं चष्मा वर केला. "आजी, तुम्ही हातानोंकडच्या का?"

त्यानं वरच्या फळीवरून एक पुडकं काढलं. "साहेब सांगून गेले होते, मिळाला की ठेव म्हणून. मिळाला दोन वर्षांनी, तोवर साहेबांचं येणं थांबलेलं. किती फोन केले मी!"

"फोन मी उचलत नाही. सगळे काहीतरी विकायलाच बसलेले असतात."

पुडक्यावर तोकुझोच्या अक्षरातली चिठ्ठी होती. 'पान चौतीस शाबूत हवं. त्यात माझ्या दुकानाचा पंचा आहे. बायकोनं काढलेला.'

बाईंनी ती दोनदा वाचली. "लबाड!"

"मी?" कुवाबारा दचकला.

"तू नव्हे रे."

"मी विचारलं होतं त्यांना, बायकोला बोललात का कधी? तर म्हणाले, छे! रंगांनी तिचे हात फुटलेले असायचे. जिंकलो असतो तर भांडी तिला घासावी लागली असती."

बाईंनी कोणापासून न लपवता, तिथंच दुकानात डोळे पुसले आणि मग हसत सुटल्या.

श्राद्धाच्या दिवशी फोटोपुढे पान चौतीस उघडं होतं. भिक्षूंनी एकदा तिकडे बघितलं आणि मंत्र जरा मोठ्यानं म्हटले. चिकाको लाजेनं लालबुंद झाली. जेवणं झाली, तशी बाईंनी फोटोपुढच्या पेल्यात काठोकाठ साके ओतली आणि बाह्या सारल्या.

"आई, राहू दे, मी घासते."

"सरक बाजूला. आज माझी पाळी आहे."