घरबसल्या बोधगया

आमच्या बाबांनी सगळा देश पालथा घातला तो पिंपळे गुरवच्या सोफ्यावर बसून. चाकणच्या एका कंपनीत ते क्वालिटीला होते. लाइनवरून येणारा माल तपासायचा आणि नापास झाला की लाल पट्टी लावून रीवर्कला, म्हणजे दुरुस्तीला, बाजूला ठेवायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. भेंडीपासून जावयापर्यंत घरात येणारी प्रत्येक गोष्ट तपासली जाते. भेंडी कधीकधी पास होते. माझा नवरा अजून रीवर्कमध्येच आहे.

आईची आयुष्यात एकच इच्छा होती. बोधगयेला जायचं आणि त्या झाडाखाली घटकाभर बसायचं. बाबांकडे कारणं तयार असायची. आधी ओव्हरटाइम होता, मग आमच्या दहावी-बारावी होत्या, आणि निवृत्तीनंतर नवीनच निघालं, की टीव्हीत त्याच्याहून छान दिसतं, उगाच गर्दीत धक्के कशाला खायचे. आई "बरं" म्हणायची आणि स्वयंपाकघरात जायची. तिच्या त्या "बरं"चा मला फार राग यायचा.

खरं सांगायचं तर तेव्हा टीव्हीत छान दिसायचंही. रविवारी सकाळी प्रवासाचा एक कार्यक्रम लागायचा. त्यातले काका जाड चष्म्याचे, आणि बोलायचे इतके सावकाश की मधे उठून भाजी परतून येता यायचं. गाडी कुठून सुटते, धर्मशाळेत जेवायला काय मिळतं, नदीला पाणी कधी असतं, सगळं सांगायचे. लेण्यातला खांब दाखवायचा म्हणजे खांबच दाखवायचे, स्वतः बाजूला उभे राहायचे. बाबा मान डोलवायचे. बाबांनी एका फटक्यात पास केलेला मी बघितलेला हा एकमेव माणूस.

मग ते काका कुठे गेले कोण जाणे, त्यांच्या जागी एक पोरगा आला. आला तो बोंबलतच आला. कुठल्याही गावाला जावो, हा आधी हॉटेलची खोली दाखवणार, गादीवर उडी मारून बघणार, मग जेवायला बसणार. घासाघासाला डोळे फिरवणार. किल्ला दिसला तर दिसला, तोही ह्याच्या कानामागून. हा गावं बघायला निघालाय की सासुरवाडीला आलाय, असं बाबा करवादायचे. पण टीव्ही बंद करायचे नाहीत. नापास मालसुद्धा शेवटपर्यंत तपासायचा असतो म्हणे.

आणि एका रविवारी कार्यक्रमाच्या शेवटी त्या पोराने सांगितलं, पुढच्या आठवड्यात बोधगया.

बाबांना एवढा आनंद मला मुलगी झाली तेव्हाही झाला नव्हता. आईला म्हणाले, बघ, घरबसल्या बोधगया. एवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं. पण ते विहारात जाऊन महिला मंडळालाही आमंत्रण देऊन आले.

त्या रविवारी मी पिंपळे सौदागरहून माहेरी पोचले तर दारात चपलांचा हा ढीग. सकाळची वंदना आटोपून बायका थेट आमच्याकडे आल्या होत्या, सगळ्या पांढऱ्या साड्यांत. हॉल नुसता पांढराशुभ्र. टीव्हीशेजारी मेणबत्ती, उदबत्ती, फुलं. आईने खीर केली होती. जाहिराती चालू होत्या तरी कोणी पाय पसरून बसलं नव्हतं. एका आजींनी तर टीव्हीला हात जोडले, तेव्हा टीव्हीवर कोणीतरी दात घासत होतं.

कार्यक्रम सुरू झाला. पोरगा धावत आला आणि हॉटेलच्या पोहायच्या तलावात त्याने धपकन उडी मारली, उघडाबंब. पांढऱ्या साड्यांत चुळबुळ झाली. आई म्हणाली, अंघोळ करून दर्शनाला जाणार असेल. अंघोळ झाली, मग मालिश झालं, मग लिट्टी-चोखा आला आणि काही केल्या संपेना. मग बाजारात माळांचा भाव करून झाला. शेवटी एकदाचा ड्रोन उडाला, महाविहाराचा कळस वरून दिसला आणि पोरगा झाडासमोर येऊन उभा राहिला. समोर म्हणजे अगदी समोर. त्याच्या खांद्यावरून चार पानं हलली, त्याने हात हलवला, आणि संपलं.

आई अजून टीव्हीकडेच बघत होती, जाहिरातीनंतर पुढचं दाखवतील या आशेने. तिचं ते तोंड बघून मला रडू यायला लागलं. त्या पोराला धरून एक मुस्काटात द्यावीशी वाटली.

बाबांना तोंड लपवायला जागा नव्हती, म्हणून ते भाषणाला उभे राहिले. चॅनलवाल्यांना, जाहिरातवाल्यांना, हल्लीच्या पिढीला, सगळ्यांना लाल पट्टी लावून झाली. तेव्हा आई बोलली.

इथे एक सांगायला हवं. बाबांच्या कंपनीत काही बिघडलं की पाचदा "का" विचारायची पद्धत होती. मिळालेल्या उत्तरावर पुन्हा "का", असं खणत गेलं की पाचव्या "का"ला मूळ कारण सापडतं म्हणतात. बाबांनी हे खूळ घरी आणलं होतं. डाळ करपली की आईची चौकशी बसायची. का करपली? फोन आला. का घेतला? बहिणीचा होता. एवढी वर्षं आई फक्त उत्तरं देत आली होती. त्या दिवशी खिरीचा डाव हातात धरून तिने प्रश्न विचारले.

झाड का दिसलं नाही, म्हणाली. बाबा म्हणाले, तो पोरगा मधे आला. मधे का आला? त्याला स्वतःलाच दाखवायचं होतं. मग असल्याच्या डोळ्यांनी आपण का बघत बसलो? कारण आपण गेलो नाही, असं बाबा बोलून गेले, आणि बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण कुठे येऊन पोचलोय. बायका सावरून बसल्या. का गेलो नाही? ओव्हरटाइम होता, बाबा पुटपुटले.

"आता तर कंपनीपण नाही. आता का नाही?"

बाबांनी टीव्हीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग खाली बघत म्हणाले, "मला सारखं लघवीला जावं लागतं गं. परक्या गावात कुठे जायचं, कोणाला विचारायचं? एवढे कार्यक्रम बघितले, पण ते एकानेही दाखवलं नाही. त्या चष्मेवाल्यानेसुद्धा."

हसावं की रडावं मला कळेना. मशीनवर बोट कापलं होतं तेव्हासुद्धा ह्या माणसाने दोन दिवस आम्हाला पत्ता लागू दिला नव्हता. हात जोडणाऱ्या त्या आजी म्हणाल्या, आमच्या ह्यांचंही तेच, तरी आम्ही नागपूरला जाऊन आलो, त्यात लाजायचं काय एवढं? दुसरीने कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते सांगितलं, तिसरीने गोळी सांगितली. बाबा कानापर्यंत लाल झाले होते, पण ऐकत होते.

"मी विचारीन की," आई म्हणाली. "मला तोंड आहे." आणि तिने खीर वाढायला घेतली.

थंडीत महिला मंडळाबरोबर दोघं गेले. पोचल्यावर बाबांचा फोन आला. त्यांनी मला संडासांचा सविस्तर अहवाल दिला. स्टेशनवरचा पास, धर्मशाळेतला पास, फाटकाबाहेरचा तर उत्तम, आणि तुझी आई कोणालाही बिनधास्त विचारते, अगदी भन्तेजींनासुद्धा. मी म्हटलं, बाबा, पुरे आता, आईला द्या फोन.

झाड नीट दिसलं का गं, मी तिला विचारलं.

"कुठलं दिसतंय," ती म्हणाली. "बसले की डोळेच भरून येतायत. पुसले तर परत येतात. उद्या पुन्हा बघते."