तापातला कबुलीजबाब

नव्वदच्या दशकातली ही घटना माझ्या मनातून अजून गेलेली नाही. तेव्हा मी बंगळूरला जे. पी. नगर भागात सब-इन्स्पेक्टर होतो. मूळचा बेळगावकडचा, म्हणून मराठी बोलणारं कुणी आलं की ठाण्यातले लोक मलाच पुढे करत.

एका सकाळी फोन आला. फोन करणाऱ्याच्या शेजारचे म्हातारे गृहस्थ खिडकीतून ओरडत होते, "मी तिला मारलं!" त्यांची बायको पंधरा दिवसांत कुणाला दिसली नव्हती.

आम्ही गेलो. दार त्यांनीच उघडलं. अंगात उलटा घातलेला स्वेटर. सगळं घर पाहिलं, पाण्याची टाकीही उघडली. काही सापडलं नाही. त्यांना ठाण्यात आणून मी समोर बसवलं.

"कुठे मारलंत?"

"विहिरीत ढकललं."

त्या घराला विहीर नव्हती. दहा मिनिटांनी ते म्हणाले, गाडीखाली आली. मग माझ्याकडे निरखून बघत, "अण्णा, तू कधी आलास?" आणि लगेच कोपऱ्याकडे बोट दाखवून, "ती बघ, उभी आहे." कोपऱ्यात फायलींचं कपाट होतं.

हवालदार म्हणाला, "सर, कबूल करतोय. लिहून घेऊ." दुसऱ्याचं मत होतं, वेडा आहे, मनोरुग्णालयात पाठवू. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, पण तपासाची दिशा बऱ्याचदा तिनेच ठरते. बाई खरोखरच बेपत्ता होती. खरं सांगतो, मीही कागद पुढे ओढला होता.

पण खोटं बोलणारा आपली गोष्ट धरून ठेवतो. मनाच्या आजाराने ग्रासलेले जे लोक मी पाहिले होते, तेही आपल्या संशयाला घट्ट चिकटून असत आणि आज वार कोणता, हे बहुतेकदा नीट सांगत. या गृहस्थांना वार उलटे म्हणायला सांगितले तर शनिवारनंतर ते स्वेटरचे धागे उपसत बसले. मधेच पाच मिनिटं अगदी शहाण्यासारखं बोलले, मग डोळे मिटू लागले. मी हात धरला. तो भाजत होता.

मी त्यांना जीपमधून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न केला, "हे कधीपासून?"

मला सांगता येईना. परत जाऊन मी त्या गल्लीतली दारं ठोठावली. कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी कोपऱ्यावरची दूधवाली अक्का म्हणाली, "सोमवारी चांगले बोलले की! परवा मात्र स्वल्प बावचळल्यासारखे वाटले."

ते ऐकून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग हा डेलिरियम, आजारपणात अचानक होणारा भ्रम. वेड नाही, म्हातारपणाचा विसरही नाही. तो महिनोन् महिने हळूहळू वाढतो. हे दोन दिवसांत आलं, घटकेत चढतं, घटकेत उतरतं, आणि लक्ष एका जागी ठरत नाही. लघवीत जंतुसंसर्ग आहे, पोटात पाणी नाही, वर झोपेच्या गोळ्या. ठाण्यात बसवून ठेवलं असतं तर वाचले नसते."

घरात सापडलेल्या एका पत्रावरून बायकोचा पत्ता लागला. त्या हुबळीला बहिणीकडे होत्या. भांडून, कायमच्या गेल्या होत्या.

पाचव्या दिवशी गृहस्थ पूर्ण शुद्धीवर आले. मी विचारलं, "मारलं असं का म्हणत होता?"

"आठवत नाही, साहेब." मग म्हणाले, "ती सोडून गेली, हे शेजारी कुणाला सांगायची लाज वाटत होती. स्वयंपाकही करवत नव्हता."

बाई आल्या, चार दिवस दवाखान्यात उशाशी बसल्या आणि हुबळीला परत गेल्या.

त्या प्रकरणानंतर असं बरळणारं कुणी समोर आलं की मी जबाबाआधी कपाळाला हात लावत असे, आणि हा माणूस धड असताना शेवटचा कुणी पाहिला, ते शोधत असे. बऱ्याच जणांच्या बाबतीत असं कुणी सापडायचंच नाही.

दवाखान्यातून सुटी मिळाल्यावर त्यांना घरी मीच सोडलं. कुलूप काढून ते वळले. "चहा घेऊन जा ना, साहेब."

"ड्यूटी आहे," मी म्हणालो आणि जीपमध्ये बसलो. त्या दुपारी मला ठाण्यात काहीही काम नव्हतं.