किती सूत?

अख्ख्या वर्धा जिल्ह्यात राग-लोभ सुतात मोजणारा माणूस एकच, आणि तो माझा मावसभाऊ, दादा. देवळीत त्याचं हार्डवेअरचं दुकान. तिथे खिळे-स्क्रू सुतातच मागतात, आठ सूत म्हणजे एक इंच. लहानपणी मनातलं त्याला शब्दांत सांगता येईना, म्हणून मावशीनंच ही युक्ती काढली. "किती सूत?" ती विचारायची. "चार सूत राग," तो सांगायचा. आठ भरले की मावशी दुकानाचं शटर अर्धं ओढायची, जवळ स्टूल टाकायची आणि हा आत कान झाकून बसायचा. डॉक्टरांनी याला ऑटिझम हे नाव दिलं तेव्हा दादा चाळिशीला टेकला होता. मावशी म्हणाली, "नाव काईबी ठेवा, पोरगं माहंच आहे."

माझ्या लग्नात, नालवाडीला, बँड सुरू होताच तो माझ्या सासऱ्यांपुढे जाऊन उभा राहिला. "आनंद सात सूत आहे, बँड नऊ. मी जातो." आणि गेलाच की, जेवण सोडून! आहेरात डझनभर पितळी बिजागऱ्या. सासरचे वर्षभर हसले. आमच्या घरात न कुरकुरणारी आजही तेवढीच वस्तू आहे.

मागल्या वर्षी मावशी गेली. घरात बाया रडत होत्या आणि हा दुकानात स्क्रू निवडत बसलेला. कुणी म्हणालं, दगड आहे. माझं डोकं फिरलं. चारचौघांत बोलले, "माय गेली तुही, अन् तू स्क्रू निवडून राह्यला? तुले काई वाटते का नाई?"

तो माझ्या खांद्याकडे पाहत म्हणाला, "मोजून राह्यलो."

मला वाटलं, स्क्रूच. मी तोंड फिरवून निघून आले, आणि वर्षभर तिकडे फिरकले नाही.

गेल्या महिन्यात राहवेना, म्हणून गेले. शटर अर्धंच होतं. शेजारी म्हणाले, मावशी गेल्यापासून असंच आहे. वाकून आत शिरले. मावशीच्या स्टुलावर बसायचा धीर झाला नाही. उभ्यानंच विचारलं, "किती सूत, दादा?"

त्यानं हातातला वॉशर बोटात फिरवला.

"त्या दिवसापासून मोजून राह्यलो. संपून नाई राह्यलं."

त्याला जवळ घेतलेलं सोसत नाही, नाहीतर गळ्यात पडून रडले असते. हा एकच प्रश्न त्या दिवशी विचारायचा होता, आणि नेमका तोच मी विचारला नाही. आता दर शनिवारी जाऊन विचारते. तो म्हणतो, "नाई संपलं." मग थोडा वेळ उभी राहते, आणि निघताना शटर होतं तेवढंच ठेवते.