कढीचा द्रोण

माणसाला चेहरा एकदाच मिळतो, असं आमच्या हिंगण्याच्या कारखान्याचे व्यवस्थापक अपघातानंतरच्या माझ्या सत्कारात म्हणाले. मला तोवर तीन मिळाले होते आणि चौथ्याची तारीख ठरली होती.

पहिला जन्माचा. दुसरा कारखान्यातल्या कॉस्टिक सोड्याच्या टाकीनं भाजून दिला. तिसरा सर्जननं माझ्या पोटाच्या कातडीतून घडवला. कातडीची नळी करून आधी मनगटावर, मग गालावर, अशी ती महिनोन्‌महिने मुक्काम करत वर आली. विद्यार्थी येऊन वह्यांत उतरवून घेत. सर्जन त्यांना शल्यशास्त्राची परंपरा समजावत आणि मी पडल्या पडल्या त्या परंपरेचा पुरावा होत असे.

घरी आलो तेव्हा ओठ जेमतेम मिटत होते. बाळंतीण आणि आजारी यांना एकाच मापानं खाऊ घालायची आमच्याकडे रीत. आईनं डिंकाचे लाडू वळले आणि वरणावर तुपाची धार धरली. चार महिन्यांत गाल उशीसारखा फुगला. त्याच्या वजनानं ओठाचा कोपरा खाली ओढला गेला आणि पाणी प्यायलो की निम्मं शर्टावर यायला लागलं. मी स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून जेवू लागलो.

"काय गा, आजही भिंतीलेच नैवेद्य दाखवून राहिला का?" मामा विचारायचे.

धाकट्या बहिणीचं लग्न उन्हाळ्यात होतं. तिनं एकच अट घातली होती: दादानं पंगतीत, तिच्या सासऱ्यांशेजारी बसून जेवायचं. नाहीतर तीही भिंतीकडे तोंड करून जेवणार होती. ती बोललेलं करते, म्हणून मी आईला घेऊन पुन्हा सर्जनकडे गेलो.

त्यांनी गाल चिमटीत धरून पाहिला आणि याला काय खाऊ घालता, असं आईला विचारलं. आईनं अभिमानानं यादी सांगितली.

"आई, ही कातडी पोटाची आहे. गालावर आली तरी तिचा स्वभाव पोटाचाच. तुम्ही याचं पोट वाढवून राहिल्या."

"मंग काय उपाशी ठेवू त्याले?" आई म्हणाली.

ठरल्या तारखेला गाल बधिर करून सर्जननं आतली चरबी काढली आणि ओठाचा कोपरा वर बांधला. पिवळे गोळे ट्रेमध्ये पडताना मला दिसत होते. टाके निघाल्यावर नर्सनं पाण्याचा ग्लास दिला. मी सवयीनं हनुवटीखाली टॉवेल धरला. तो कोरडा राहिला. दुसरा ग्लास मी स्वतः मागितला, टॉवेल दूर ठेवून.

लग्न नंदनवन वस्तीतल्या कार्यालयात झालं. मी नवा पांढरा शर्ट घातला आणि व्याह्यांशेजारी बसलो. वडाभात झाला, मग कढी आली, पातळ, वाफाळती. द्रोण उचलला तेव्हा समोरच्या रांगेतले मामा जेवायचे थांबले. बहिणीनं तर घास हातातच धरला होता. मी द्रोण ओठांना लावला, रिकामा करून खाली ठेवला आणि आणखी मागितली. तिसऱ्या द्रोणाला वाढायला आई स्वतः आली.

"पुरे गा आता, पाहुण्यांले राहू दे," ती म्हणाली आणि द्रोण काठोकाठ भरला.

त्या पंगतीत कढी एकाच शर्टावर सांडली. तो व्याह्यांचा होता. त्यांच्यावर कसलीही शस्त्रक्रिया झालेली नव्हती.