हौशी गेली ती दुपार

काल गोठ्याच्या कोनाड्यात करंजाच्या तेलाची जुनी बाटली सापडली. बूच काढलं, कडवट वास आला आणि आमच्या भाटघर गावातली ती दुपार आठवली.

आमची हौशी म्हैस सकाळपासून चाऱ्याला तोंड लावत नव्हती. तेवढ्यात वरच्या वाडीतून निरोप आला, एकट्या राहणाऱ्या म्हातारीची गाय विताना अडली होती. गावची अडलेली जनावरं मीच सोडवायचो, हाताला हेच करंजाचं तेल लावून. मी बायकोकडे पाहिलं.

“जावा तुमी,” सुमन म्हणाली. “तिला त्या गाईबिगर कोन हाय? म्या बसते हितं.”

वासरू जिवंत निघालं. वाडीनं गूळ वाटला. मी ऐटीत घरी आलो, तर सुमन हौशीचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. हौशी गेली होती.

“कवा गेली?”

“तुमी गेल्यावर लगीच.”

म्हणजे चार तास ती तशीच बसून होती. तरी मी तिला वासराचंच सांगत राहिलो, आणि ती ऐकत राहिली.

आता गोठा रिकामा आहे, सुमनही नाही. इतकी जनावरं सोडवली म्हणून लोक मानानं बोलावतात, शाल देतात. घरी येऊन ते सांगावं, तर ऐकायला कुणी नसतं. त्या चार तासांत तिला काय वाटलं असेल, हे मी तिला कधीच विचारलं नाही.