कंडम जीपचा मालक

जयवंत परबाला कचेरीत सगळे भांडखोर म्हणायचे, आणि त्याला ते मनातून आवडायचं. अंधेरीच्या एका सरकारी कार्यालयात तो जीपवर ड्रायव्हर होता. ब्रेक ढिले वाटले, टायर गुळगुळीत झाले, की तो किल्ली नेऊन थेट मधुकर वैद्यांच्या टेबलावर ठेवायचा. वैद्य म्हणजे गाड्यांच्या दुरुस्तीचं बघणारे हेडक्लार्क. मुलुंडहून यायचे, अंगाने सडपातळ, कपाळाला कायम आठी.

"काम होईस्तोवर गाडी हलणार नाही, साहेब."

"अजून महिनाभर चालवा की, परब."

"चालवायची मला आहे. तुमचं काय जातंय?" एवढं बोलून जयवंत खाली जाऊन झाडाच्या सावलीत बसायचा. दोन-चार दिवस कुरबुर व्हायची आणि शेवटी काम व्हायचं.

त्र्याऐंशी साली तो निवृत्त झाला, त्याच सुमाराला ती जीपही कंडम ठरली आणि लिलावात निघाली. जिचा प्रत्येक आवाज ओळखीचा, ती गाडी भंगारवाल्याच्या दारात जाणार हे काही त्याला बघवेना. फंडाच्या पैशातून त्याने बोली लावली. वैद्यांनी त्याला बाजूला घेतलं. "घेऊ नका, परब. चालवणं वेगळं आणि पोसणं वेगळं." जयवंतच्या मनात आलं, ह्या माणसाला शेवटपर्यंत माझं बरं काही बघवत नाही.

जोगेश्वरीला, लेण्यांच्या वाटेवरच्या चाळीपुढे जीप उभी राहिली तेव्हा बायकोने, मालनने, तिला हळदकुंकू लावून नारळ फोडला. नंदकुमार नावाचा एक केटरर ओळखीतला होता. लग्नामुंजींची भांडी, शेगड्या आणि मालनसारख्या पुऱ्या लाटणाऱ्या चाळीतल्या बायका हॉलवर पोचवायचं काम त्याने दिलं. पहिलं वर्ष झकास गेलं. संध्याकाळी जयवंत फडकं घेऊन बोनेट पुसत बसायचा आणि येणारा-जाणारा दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जायचा नाही.

मग जीपला तिचं वय आठवलं. आधी सेल्फ-स्टार्टर गेला. हँडल मारून मारून जयवंतचा खांदा धरला. रेडिएटर ठिबकायला लागला. पवईच्या चढावर बोनेटमधून वाफ निघायची, म्हणून पाण्याचा डबा कायमचा सीटखाली आला. दुसरा गिअर उडायचा, तो टाकला की हाताने दाबून धरायला लागायचा. स्प्रिंगचे पाटे तुटले. पायाखालचा पत्रा इतका सडला की मालनला बसल्या जागेवरून रस्ता दिसायचा. ती पाय वर घेऊन मांडी घालूनच बसायची. आणि पेट्रोल! कचेरीत असताना टाकी भरून घ्यायची आणि सही करायची, एवढंच त्याला ठाऊक. आता पंपावर काटा फिरायला लागला की तो खिशातल्या नोटा पुन्हा मोजायचा. एका दुरुस्तीपुरते पैसे बाजूला पडावेत तर दुसरंच काहीतरी मोडायचं, त्यातून सुटलं तर इन्शुरन्सची तारीख आलेली असायची.

"परबकाका, इंजिन खोलायलाच पाहिजे," नाक्यावरचा माणिक मिस्त्री म्हणाला. "ऑइल पितंय ते."

"पिऊ दे. आपण टाकत राहू."

"असं किती दिवस?"

"चालतंय ना अजून? मग झालं तर."

पुढे डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. अंधारात समोरून गाडी आली की जयवंतला सगळीकडे नुसता उजेडाचा कापूस दिसायचा. म्हणून त्याने सीतारामला ठेवलं. सीताराम खारदांड्याचा, तिशीतला, पूर्वी मासळीचा टेम्पो चालवलेला. हात चांगला होता आणि बोलणं मोजकं. महिनाभर सगळं सुरळीत चाललं. मग एका लग्नाच्या दुपारी, गाडीत भांडी भरून झालेली असताना, तो खाली उतरला.

"काका, पेडल पार खाली जातंय. दोनदा पंप मारला तर कुठे ब्रेक लागतो."

"मग दोनदा मार."

"पुढ्यात माणूस आला तर त्याला काय सांगू? थांब जरा, पंप मारतो?"

"एवढं लग्न होऊन जाऊ दे रे. त्या पैशातून पहिला ब्रेकच करतो."

"मग लग्न झाल्यावर बोलवा मला," असं म्हणून सीतारामने किल्ली बोनेटवर ठेवली.

जयवंतच्या अंगाचा तिळपापड झाला. "तू शाळेत जात होतास तेव्हापासून मी चालवतोय. मला शिकवतोस?" मालन आत बसलीच होती. उन्हं अजून होती, डोळ्यांना दिसत होतं. त्याने हँडल मारलं आणि स्वतःच निघाला.

पवईच्या पुढच्या उतारावर एक हातगाडी आडवी आली. त्याने पेडल दाबलं, ते फळीला टेकलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. दुसरा गिअर टाकून त्याने हाताने दाबून धरला, हँडब्रेक ओढला, स्टिअरिंग डावीकडे तोडलं. इमारतीच्या कामासाठी रेतीचा ढीग पडला होता, जीप त्यात नाक खुपसून थांबली. टोप आणि पराती खणखणत रस्ताभर पसरल्या. हातगाडीवाला शिव्या देत निघून गेला. मालनच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं. ती उतरली, पदराने तोंड पुसलं आणि रस्त्यावरचे टोप गोळा करायला लागली.

"लागलं गो तुला?"

"माका काय्येक झाला नाय," ती म्हणाली. "पण तुमचा काय चाललाहा, ता सांगा. तो सांगत होतो मा तुमका?"

नुसता खर्च वाचावा म्हणून आपण बायकोचा जीव धोक्यात घालून असे निघालो, हे जयवंतला त्या रेतीत उभं राहून लख्ख कळलं.

पुढच्या रविवारी तो मुलुंडला वैद्यांच्या घरी गेला. वैद्यही आता निवृत्त झाले होते. त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला. जयवंतने झालेलं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "साहेब, मी माणिकला काय म्हणालो ठाऊक आहे? चालतंय ना अजून? अगदी तुमच्यासारखं. तोंडातून निघून गेल्यावर मला कळलं."

वैद्य हसले नाहीत. कपात बघत म्हणाले, "कचेरीत चार जीपगाड्या होत्या. वरून पैसे यायचे ते जेमतेम दोन गाड्यांपुरते. तुमची नेहमी आधी व्हायची, कारण तुम्ही भांडायचात. दुसऱ्या जीपवरचा शेवाळे कधी बोलायचा नाही. त्याला मी तसाच पाठवायचो. तो घाटातून परत येईपर्यंत माझं कामात लक्ष लागायचं नाही. त्याला काही झालं नाही, हे माझं नशीब."

जयवंतला शेवाळे आठवला. डबा खाताना शेजारी बसणारा, मान खाली घालून जेवणारा. त्याच्या गाडीचे ब्रेक कसे होते, हे जयवंतने कधी विचारलंच नव्हतं.

"विकून टाकू का हो?" त्याने विचारलं.

"ते तुम्ही ठरवा. पण चालवणारच असाल तर भांडणारा माणूस जवळ ठेवा."

खारदांड्याला सीतारामच्या घरी जायला जयवंतला आठवडा लागला. दारात उभं राहून तो एवढंच म्हणाला, "ब्रेक नवे घातलेत. तू स्वतः बघ. पटलं तर ये." सीतारामने लगेच हो म्हटलं नाही. तो माणिकच्या गॅरेजात आला, चाकं खोलून बघितली, जोगेश्वरीतच एक फेरी मारली आणि मग सदरा टांगून कामाला लागला.

त्यानंतर जीप आणखी तीनेक वर्षं चालली. लांबची कामं जयवंतने घेणं सोडलं. नंदकुमार कुरकुरला आणि त्याने निम्मं काम दुसऱ्या टेम्पोवाल्याला दिलं. मिळकत कमी झाली. सीतारामने बोट दाखवावं आणि जयवंतने डोक्याला हात लावावा, मग पुष्कळ वादावादी व्हावी, असं चालायचं. कधी जयवंतचं खरं असायचं, कधी सीतारामचं. इंजिनाचं काम मात्र शेवटपर्यंत झालं नाही, तेवढे पैसे कधी जमलेच नाहीत. एका पावसाळ्याअखेर चासीला, गाडीच्या सांगाड्यालाच, तडा गेलेला दिसला तेव्हा मात्र वाद न होता जीप भंगारात द्यायचं ठरलं.

कुर्ल्याचा भंगारवाला टो करून न्यायला आला त्या सकाळी जयवंतने फडकं घेतलं, बोनेटवर एक हात फिरवला आणि ते खिशात टाकलं. सीतारामला भांडुपच्या एका कारखान्यात ड्रायव्हरची नोकरी लागली होती, तरी तो तासभर आधी येऊन उभा होता. जीप नाक्यावरून वळली. मालनने चहा आणला. पंपावरचा काटा आता आपला नाही, ह्याचं जयवंतला हायसं वाटलं. चहाचा कप हातात घेऊन त्याने सीतारामला विचारलं, "कारखान्याच्या गाडीचे ब्रेक कसे आहेत रे?"