चादरीखाली राहिलेला डाव

मालनमावशी आमच्या घरी आली की आधी चप्पल काढते आणि मग कुणाला तरी झापते. त्या दिवशी माझा नंबर लागला. "मंगला, आईला अशी भिंतीकडं तोंड करून का बसवलीस गं?" मी कशाला बसवू? आई आपणहूनच तशी बसायची. अर्धांगाचा झटका येऊन तिचा उजवा हात गेला, तेव्हापासून तिनं बोलणंच टाकलं होतं. डॉक्टर म्हणत होते, डावा हात कामाला लावा, त्यांना बोलतं करा, नाहीतर त्या अशाच बसून राहतील. आम्ही मात्र हात टेकले होते.

माझी आई कुसुम आणि मालनमावशी, दोघींची मैत्री कारखान्याच्या वसाहतीतली. शहराबाहेर खडक फोडून नुकतीच क्वार्टर्स बांधली होती, झाडं अजून गुडघ्याएवढी होती. शेजारी तेलुगू, समोर कन्नड आणि मागच्या ओळीत आम्ही मराठवाड्याकडचे. शनिवारी क्लबच्या भिंतीवर तेलुगू सिनेमा लागायचा. ज्यांना एक अक्षर कळत नसे त्या बायकाही मनसोक्त रडून घ्यायच्या. बुद्धपौर्णिमेची खीर मावशीकडून आमच्याकडं यायची आणि आमचा दिवाळीचा फराळ तिच्याकडं जायचा.

कॅरम तेवढा पुरुषांचा. माझे वडील हिम्मतराव क्लबचे सेक्रेटरी होते. मावशी म्हणजे भट्टीवरच्या किशनरावांची बायको. ती सरळ वडिलांसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, दुपारी तुमचे लोकं ड्युटीवर. बोर्ड रिकामाच पडतो ना? मग आमाला द्या की."

"कॅरमला नेम लागतो, बाई."

"मग बसा माझ्यासमोर."

वडील बसले आणि हरले. घरी पाटावर कोटाची बटणं मारून मारून मावशीनं नेम बसवला होता, हे त्यांना कुठलं ठाऊक! त्या दिवशी उन्हामुळं डोळे दुखत होते, असं ते शेवटपर्यंत सांगत राहिले. पण बोर्ड बायकांना मिळाला.

मग दुपारी वाचनालयाच्या खोलीत बायकांचा कॅरम रंगायचा. त्याला एक कायदा होता, मावशीनंच केलेला. पहिली पाळी सुटल्याचा भोंगा झाला की स्ट्रायकर खाली ठेवायचा, कारण नवरे घरी यायचे आणि चहा टाकायचा असायचा. पण डाव मोडायचा नाही. बोर्डाच्या चौकटीवर चादर ताणून टाकायची आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं खेळायचं. चादरीखालच्या सोंगटीला कुणी हात लावायचा नाही. संध्याकाळी त्याच खोलीत पुरुष पेपर वाचायचे, आम्ही पोरं धुडगूस घालायचो, पण त्या चादरीला कुणाचा धक्का लागला नाही. आता घरातल्या घरात रिमोट जागेवर सापडत नाही, तेव्हा मला त्या माणसांचं फार कौतुक वाटतं.

बायकांच्या स्पर्धेत फायनलला आई आणि मावशी समोरासमोर आल्या. आईची पाळी होती, राणी अजून बोर्डावर होती, तेवढ्यात भोंगा झाला आणि चादर पडली. दुसऱ्या दिवशी कारखान्याला टाळं लागलं, आणि वाचनालयालाही. ते पुन्हा उघडलंच नाही. आम्ही शहरात मलकपेठेत आलो, मावशी अंबरपेठेत गेली. किशनराव लवकर गेले. मावशीनं सुलतान बाजारातल्या दुकानांच्या साड्यांना फॉल लावून मुलाला, नागसेनला, शिकवलं, तो आता बँकेत आहे. तिच्या तोंडी तक्रार एकच: डाव राहिला. फोनवर दोघी त्यावरूनच भांडायच्या. कुठली सोंगटी कुठं होती, दोघींनाही पाठ होतं.

त्या दिवशी मला झापून झाल्यावर मावशीनं जिन्याकडं हाक मारली. नागसेन घाम पुसत कॅरमबोर्ड घेऊन वर आला. मावशीनं बोर्ड आईच्या पलंगापाशी स्टुलावर ठेवला, पावडर टाकली आणि एकेक सोंगटी मांडायला लागली. आईनं हळूच मान वळवली.

शेवटी मावशीनं राणी ठेवली, ती भोकाच्या अगदी तोंडाशी. डाव्या हातानं नुसता स्ट्रायकर सोडला तरी जावी अशी. उभ्या जन्मात कुणाला एक सोंगटी न सोडणारी ही बाई मैत्रिणीसाठी लबाडी करत होती.

आईचा चेहरा मात्र लाल झाला. तिचा डावा हात उठला. तिनं राणी ढकलत ढकलत नेली आणि पार दुसऱ्या बाजूला, चौकटीला चिकटवून ठेवली.

"मालन," ती म्हणाली. एकेक शब्द जड येत होता. "चादरीखालच्या... सोंगटीला... हात लावायचा नाही."

मी रडायला लागले. मावशी खाली बघत म्हणाली, "हौ, चुकलं माझं. मार आता."

आईचा स्ट्रायकर अर्ध्यातच थांबला. मावशीनं चौकटीवरून फिरवून राणी घेतली आणि लगेच कव्हरही केली. इतकी घाई कशाला, म्हणून मी रागानं बघितलं.

"काय बघायलीस? आजाऱ्याला सोडावं लागतं. ही आता आजारी नाय, हरायलीय."

आईनं पुन्हा मारला, पुन्हा चुकली. कपाळावर घाम आला होता. "कुसुममावशी, राहू द्या आता," म्हणत नागसेन सोंगट्या गोळा करायला वाकला. आईनं त्याच्या हातावर चापटी मारली. मग मांडीवरची चादर डाव्या हातानं ओढून ती बोर्डावर घालायला लागली. एक कोपरा काही केल्या पोहोचेना. मी पुढं झाले, तर मावशीनं मला मागं ओढलं.

कोपरा बसला. आईनं मावशीकडं बघितलं.

"उद्या ये," ती म्हणाली.